लग्नातल्या सहा दगडी कुंड्या

चौथ्या दिवशी सकाळी मी कुंडीवरचं ओलं पोतं मोठ्या ऐटीत ओढून काढलं, तर पोत्यासोबत दगडही निघून आला.

कुंडी जागेवरच उभी होती. लालभडक, गुळगुळीत, दुकानातून आणली त्या दिवशी होती तशीच. आणि रविवारचा अख्खा दिवस घालवून मी तिच्यावर जो दगड चढवला होता, तो पातेल्याच्या बुडाला भात लागावा तसा पोत्याच्या आतल्या बाजूला चिकटून बसला होता.

बायको मागे उभी होती. तिला आधीच अंदाज असणार. नाहीतर भाजी चिरायची सोडून ती अंगणात येत नाही.

"अजी," ती म्हणाली, "दगड लावला होता, का नेसवला होता?"

मी सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे. एवढं सांगितलं की माणसं माझ्याकडे आदराने पाहतात, घराचा स्लॅब कधी टाकावा ते विचारतात, आणि मीही सांगतो. खरं म्हणजे मी स्टोअरमध्ये बसतो. नटबोल्ट, हातमोजे, झाडू आणि ग्रीसचे डबे हे माझं राज्य. सिमेंट मला दिसतं ते खिडकीच्या काचेवर बसलेलं. पण गडचांदूरला राहणाऱ्या माणसाला सिमेंटचं सगळं कळतं असा एक समज आहे, आणि तो सगळ्यांत जास्त मलाच आहे. आमच्याकडे कोणाचं बांधकाम निघालं की रस्त्याने जाणारा माणूस रामराम करायच्या आधी विचारतो, "तराई चालू आहे ना?" तराई म्हणजे नव्या सिमेंटवर पाणी मारत राहणं. ओलं पोतं गुंडाळायचं, सकाळ-संध्याकाळ भिजवायचं, काम पक्कं होतं. हे आम्हाला शिकवावं लागत नाही, धुळीसोबत अंगात जातं.

आता झालं असं, की भिंतीच्या रंगात रेती कालवताना मी मूठभर पांढरं सिमेंटही टाकलं होतं. जोर यावा म्हणून. सिमेंट आलं म्हणजे तराई आली. रंग ओला असतानाच मी कुंडीला पोतं गुंडाळलं आणि तीन दिवस, कामावर जायच्या आधी आणि कामावरून आल्यावर, इमानेइतबारे भिजवत राहिलो. रंगाला बिचाऱ्याला वाळायचं होतं. त्याला कोणी विचारलंच नाही.

प्लास्टिकच्या कुंडीचा दगड करण्याची वेळ माझ्यावर का आली, ते सांगतो.

बायकोचं माहेर नागभीडकडचं, धानाच्या मुलखातलं. तिच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो; तिला माहेरच्याच गावात दिलेली. या बाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं मे महिन्यात. मांडवाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना कुंड्या असाव्यात असं नवरीचं म्हणणं पडलं. मोबाइलवर तिने कुठल्या तरी लग्नातल्या दगडी कुंड्या पाहिल्या होत्या. तर माझी बायको फोनवर म्हणून बसली, "कुंड्या आमच्याकडून. सहा. हे बनवतात."

फोन कानाला होता, स्पीकरवर नव्हता. तरी पलीकडचं हसणं मला या खोलीत ऐकू आलं.

हसण्यामागे इतिहास आहे. बाईचा नवरा, म्हणजे माझा साडभाऊ, हाताचा मोठा कसबी माणूस. शेतातली मोटर तो उघडतो, गोठा त्याने स्वतः बांधला, घराचं दार त्याने स्वतः केलं. जेवायला बसला तरी हात रिकामा दिसू नये म्हणून तो पाटाचा हलणारा पाय तपासून घेतो. आणि मी? बायकोच्या माहेरी वीस-बावीस वर्षांत मी एकही खुर्ची दुरुस्त केलेली नाही. एक मोडली मात्र आहे. दर लग्नात, दर बारशात कोणीतरी मला खुर्ची देतं आणि दुसरं कोणीतरी म्हणतं, "जवाई, सांभाळून." मी हसतो. मला त्याचं काही वाटत नाही. बायकोला वाटतं, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

त्या दिवशी फोन ठेवून ती तांदूळ निवडायला बसली. मी म्हटलं, "अवो, कायले कबूल केलं? मले कुंडी बनवता येते का?"

"येते का नाई, ते तुमचं तुमी पाहा," ती म्हणाली. मग तिचा सुपातला हात थांबला. "एकदा त्यायनं म्हनावं, हे तुमच्या मानसानं केलं. एकच खेप. मंग मी जलमात काई नाई मागत."

जन्मात काही मागणार नाही, असं ती दर दिवाळीला म्हणते. पण या वेळी हात थांबला होता. मी दुसऱ्या दिवशी बाजारातून सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत हलक्या अशा सहा प्लास्टिकच्या कुंड्या घेऊन आलो. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले, अर्धे. आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

पोत्याला चिकटलेला दगड घेऊन मी रंगाच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकाने पोतं उलटंसुलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला.

"भाऊ, तुमी कारखान्यात आहे ना?"

"हो."

"अन् प्लास्टिकले तराई देल्ली?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती आता बादल्या पाहायचं सोडून मला पाहत होती.

"आयका," म्हातारा म्हणाला. "पहिले कुंडी काचपेपरनं घासा. तिची चमक मेली पायजे, तवा रंग धरते. मंग धुवा, वाळवा. मंग प्लास्टिकवर बसते तो अस्तराचा हात. मंग तुमचा रेतीचा रंग, घट्ट, खिरीवानी. एक हात वाळला का दुसरा. शेवटी बिनचमकीचं वार्निश. सिमेंट नोका टाकू. अन् पानी तिले दाखवूच नोका."

"किती दिवस?"

"वाळेपर्यंत."

मग आम्ही कामाला लागलो. "आम्ही" हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो. कुंडी घासण्याचं काम मी उत्तम केलं. त्यात डोकं लागत नाही. आमचा सगळा अंगणाचा पट्टा लाल भुकटीने भरला आणि शेजारच्यांना वाटलं, आम्ही तिखट कुटून राह्यलो. रेती चाळायला मी घरातली पिठाची चाळणी घेतली. ती चाळणी नंतर माझीच झाली, कारण बायकोने ती स्वयंपाकघरात परत घेतली नाही, आणि नवी येईपर्यंत आमच्या घरी आठ दिवस कोंड्यासकट पोळ्या झाल्या.

दुसऱ्या खेपेची कुंडी वाळली. रंग घट्ट बसला होता. नख मारलं तरी निघत नव्हता. मी बायकोला हाक मारली. ती आली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"हा लाइटचा खांब झाला," ती म्हणाली. "आता यावर नंबर टाका."

खोटं नव्हतं. वरपासून खालपर्यंत एकच राखाडी. खरखरीत होती, पण दगड नव्हती.

"दगड पाह्यला आहे का कधी तुमी?" तिने विचारलं.

ज्या गावात दिवसभर चुनखडीच्या दगडाचे ट्रक घरावरून जातात, त्या गावात, सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की नाही, पाहिलेला नाही. रोज दिसतो म्हणून पाहिला नाही. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला एक दगड तिने उचलून आणला, पायरीवर ठेवला, आणि आम्ही दोघं पन्नाशीला आलेली माणसं त्याच्यासमोर तो पाहुणा असल्यासारखे बसून राहिलो.

त्या दगडात राखाडी सगळ्यांत कमी होता. कुठे पिवळसर, कुठे मातकट, खाचेत काळा, कडेला पांढुरका, आणि एका अंगाला वाळलेल्या शेवाळाचा हिरवट डाग. बायको उठली, भांडी घासायचा स्पंज घेऊन आली. थोडा काळा रंग, पुष्कळ पाणी. खाचांत थोपटला आणि वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घेतला. वरचा रंग गेला, खाचेतला राहिला. मग कोरड्या स्पंजाने पिवळसर, अगदी टोकाटोकांवर. मग दातांचा ब्रश रंगात बुडवून अंगठ्याने शिंतोडे उडवले.

ब्रश माझा होता. आणि जुना नव्हता.

मी मागे सरून पाहिलं. अंगणात दगडाची कुंडी उभी होती. आमच्याच अंगणात, आमच्याच माणसाच्या हातची. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "खदानीतून आनली का जी? कशी काय उचलली?" मी नुसती मान हलवली. खोटं बोललो नाही, फक्त कमरेला हात लावला.

पुढच्या पंधरा दिवसांत सहाही झाल्या. सहापैकी किती कोणाच्या हातच्या, हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की पहिली माझी होती, आणि ती मांडवाच्या मागच्या अंगाला ठेवायची असं एकमताने ठरलं. एक मत तिचं होतं.

लग्नाच्या चार दिवस आधी बाईचा फोन आला. या वेळी स्पीकरवर होता.

"कुंड्या होऊन राह्यल्या का वो?"

"झाल्या."

"कशाच्या आहे? प्लास्टिकच्या नाई ना? पोरीच्या सासरचे लय बारीक पाहनारे आहे. प्लास्टिक दिसलं का पहिले तेच बोलतीन."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कुंड्यांकडे पाहिलं. कुंड्या दगडासारख्या गप्प होत्या.

"दगडाच्या आहे, बाई," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने एक कुंडी एका हाताने उचलून पाहिली. मग म्हणाली, "उचलल्याशिवाय कोनाले समजते?"

"नाई समजत."

"मंग कोनी उचलू नाई, एवढंच पाहा."

हे "एवढंच" किती मोठं होतं, ते आम्हाला गावात पोचल्यावर कळलं.

जीप भाड्याने केली होती. सहा कुंड्या मागे, मध्ये जुन्या साड्या, आणि त्यांत ठेवायची क्रोटनची झाडं काळ्या पिशव्यांसकट पायाशी. राजुरा, चंद्रपूर, मूल, सिंदेवाही. मूलच्या पुढे जंगलात जीप उसळली की मी मागे वळून कुंड्या धरायचो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, दगडाले काय होते?" बायकोने मला कोपर मारलं. मी हात काढून घेतला.

गावात जीप थांबली तर समोर साडभाऊ उभा. त्याच्यासोबत चार दांडगे गडी. गड्यांच्या हातात दोन जाडजूड बांबू आणि नायलॉनचा दोर.

"या, या!" साडभाऊ म्हणाला. "बाईनं सांगतलं, दगडाच्या आहे. म्हटलं, सहा कुंड्या, मानसं पाह्यजे. बांबूले टांगून नेऊ."

मी बांबू पाहिले, दोर पाहिला आणि घाईने खाली उतरलो.

"कशाले तसदी," मी म्हणालो. "मी उतरवतो."

आता आमच्या भागात एक रीत आहे, आणि ती इतकी पक्की आहे की तिच्यापुढे सिमेंट काहीच नाही. सासुरवाडीला जावयाने ओझं उचलायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा त्याच्या हातात कोणीतरी द्यावा लागतो. एरवी या रीतीबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. मी जीपच्या मागे गेलो तर चारही गडी धावले. "जवाई, तुमी? राहू द्या! राहू द्या!" एकाने माझा हात धरला, दुसऱ्याने जीपचं फळकं पाडलं. मी ओरडलो, "हात नोका लावू! रंग... पालिश ओली आहे!"

"दगडाले पालिश?" साडभाऊ म्हणाला.

"लागते," मी म्हणालो. "मी कारखान्यात आहे."

माझ्या नोकरीचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता. गडी मागे सरले. मग मी आणि बायकोने मिळून एकेक कुंडी उतरवली. दोघांनी, दोन्ही बाजूंनी धरून, गुडघे वाकवून, दर चार पावलांवर थांबून. मी कण्हत होतो. बायको म्हणाली, "हळू कन्हा, बाळंतीण नाई तुमी." तिसऱ्या कुंडीला आम्ही रमलो. पाचवीला मला खरंच घाम आला. लाजेचा असेल, पण घामाला कोण विचारतं. सगळं गाव पाहत होतं. सासुरवाडीत जावई घाम गाळतो आहे, असं दृश्य तिथे बऱ्याच वर्षांत दिसलं नव्हतं.

कुंड्या मांडवाच्या तोंडाशी लागल्या. तीन इकडे, दोन तिकडे, माझी मागे. क्रोटनच्या पिशव्या आत ठेवल्या. दिसायला दृष्ट लागावी असं झालं. पण मला दिसत होतं, की वर झाड आणि खाली काही नाही. साधा वारा आला तरी पंचाईत. मी साडभाऊला हळूच विचारलं, "दोन-चार विटा भेटतीन का?"

"विटा कायले?"

"आत टाकायले."

तो माझ्याकडे आणि कुंडीकडे पाहत राहिला. "दगडाच्या कुंडीत विटा?"

मी म्हटलं, राहू द्या, सहज.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुंड्यांचं कौतुक झालं. खरंच झालं. येणारा जाणारा थांबे, पाही, म्हणे, "वा, दगडाच्या आहे! आनल्या कुठून?" बाई सांगे, "गडचांदूरवरून. तिकडे दगडच दगड." आणि माणूस मान डोलवत पत्रावळीकडे जाई. मी बाजूच्याच खुर्चीत बसलेलो असे, खुर्ची सांभाळून. बायको बायकांच्या घोळक्यातून मधून मधून इकडे पाही. मला वाटलं, खूश आहे.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. वरात आली, नवरदेव बोहल्यावर चढला, पाहुणे बसले. नवरदेवाचे मामा, अंगाने चांगले भरलेले, पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर. आणि पश्चिमेकडून आभाळ असं पिवळं पडलं की गावकरी वर पाहू लागले.

वावधन आलं. मे महिन्यात आमच्याकडे येतं तसंच, न सांगता. आधी धूळ, मग मांडवाचं कापड फुगून नगारा झालं, मग मांडवाच्या तोंडावरची पहिली दगडी कुंडी जागची उठली.

मी ती उठताना पाहिली. ती क्षणभर विचारात पडल्यासारखी एका काठावर उभी राहिली, क्रोटन तिच्यातून बाहेर पडलं, आणि ती डब डब डब करत मांडवात शिरली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी. लोकांनी दगड घरंगळताना पाहिले असतील, पण दगडांना असं धावताना पाहून मांडवात जी हाकाटी उठली, ती अजून माझ्या कानात आहे. माणसांनी पाय वर घेतले. पोरं कडेवर गेली. पहिली कुंडी सरळ मामांच्या दिशेने निघाली. मामांना उठायला वेळ नव्हता. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि कुंडी लागायच्या आधीच ओरडले, "मेलो वो माय!"

कुंडी त्यांच्या नडगीवर आपटली, उडाली आणि पलीकडे जाऊन पडली.

मामांनी एक डोळा उघडला. नडगीवरून हात फिरवला. मग तक्रारीच्या सुरात म्हणाले, "लागलं नाई!"

दोन क्षण नुसता वारा. मग कोण्या म्हाताऱ्या आजीने पायाशी आलेली कुंडी एका हाताने उचलली, तळ पाहिला, टिचकी मारली. डब. आणि अख्खा मांडव हसला. वरपक्ष, वधूपक्ष, वाजंत्रीवाले, गुरुजी. कालचे ते चार गडी तर एकमेकांच्या खांद्यावर पडले. एक जण मी आणि बायको कुंडी कशी उतरवत होतो ते चालून दाखवू लागला. गुडघे वाकवून, कण्हून. हुबेहूब होतं. वाईट म्हणजे तोही बाळंतिणीसारखाच कण्हत होता.

मी बायकोला शोधलं. ती ओवाळणीचं ताट छातीशी धरून उभी होती, दिवा विझू नये म्हणून पदर आडवा घेऊन. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती ताटाकडे पाहत होती.

"तू त दगडाच्या म्हनत होती ना वो?" बाई सगळ्यांसमोर म्हणाली.

मी गर्दीतून पुढे झालो. "मीच सांगतलं होतं तिले," मी म्हणालो. "दगडाच्या आहे म्हनून. तिले काई माहीत नाई."

बाईने मला आपादमस्तक पाहिलं. "जवाई, काल तुमच्यासंगं तिनंच उतरवल्या ना?"

पुन्हा हसू. इतक्या वर्षांत मी एकदा बायकोच्या बाजूने उभा राहिलो, तेही टिकलं नाही.

वारा आला तसा दहा मिनिटांत गेला. चार थेंब पडले, धूळ बसली. माणसं कुंड्या गोळा करू लागली, एकेका हातात दोन-दोन. साडभाऊने एक घेतली आणि एका बाजूला जाऊन उकिडवा बसला. तो हसत नव्हता. त्याने कुंडी आतून पाहिली. आत लाल प्लास्टिक. बाहेरून पाहिली. नख मारलं. मग खिशातली किल्ली काढून खरवडली. मग ओला अंगठा फिरवला. आपटून आली होती, तरी कुठे टवका नव्हता.

"कोनं केलं हे?" त्याने विचारलं.

माणसं अजून हसण्यातच होती.

"मी इचारून राह्यलो, कोनं केलं? म्या काल याले हात लावला. हात लावून मले दगड वाटला." त्याचा आवाज जरा लागल्यासारखा होता. "मले!"

"घरी केल्या," मी म्हणालो.

"रेती कोनती?"

"पैनगंगेची. चाळलेली."

"अन् हे काळं खाचेत कसं बसलं? बाकी ठिकानी काऊन नाई?"

मी सांगायला लागलो. लावायचं, वाळायच्या आत पुसायचं. तो मान हलवत होता. मामा खुर्ची ओढत आले, नडगी अजून चोळत. "मी उगाच वरडनारा मानूस नाई," ते सगळ्यांना सांगत होते. "दगड दिसला म्हनून वरडलो. तुमी असते त तुमीबी वरडले असते." मग त्यांनी विचारलं, की त्यांच्या घरापुढे निळं प्लास्टिकचं पिंप आहे, त्याचा रांजण होईल का? आजी म्हणाली, "मांगची हे एक जरा वेगळी दिसते, हे कोनं केली?" साडभाऊ मला कुंड्यांत टाकायला विटा आणून देत होता, एकामागून एक, माझ्याच हातात. ओझं असून. जावयाच्या हातात ओझं दिलं हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

तेवढ्यात मला पलीकडे बायको दिसली. ताट कोणाच्या तरी हाती देऊन ती बायकांच्या गराड्यात उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं, पण एक हात हवेत थोपटत होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा शिंतोडे उडवत होता. काय सांगत होती ते ऐकू येत नव्हतं. मधून मधून ती हात लांब करून माझ्याकडे दाखवी, आणि सगळ्या बायका वळून मला पाहत. मी दोन विटा हातात घेऊन उभा होतो. निदान त्या खऱ्या होत्या.

लग्न लागलं. कुंड्या बाईने ठेवून घेतल्या, सहाच्या सहा, माझीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिकामी जीप घेऊन निघालो. सिंदेवाही गेलं, बायको बोलली नाही. मूल गेलं, तरी नाही. मी एकदा पाण्याची बाटली पुढे केली, ती प्याली, परत दिली, खिडकीतून बाहेर पाहत राहिली. तेंदूपत्त्याचे पुडके वाळत घातलेलं एक आवार आलं आणि मागे गेलं. शेवटी मला राहवलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "विटा मागून घेतल्या असत्या हट्टानं, त हे झालं नसतं. तुह्या माहेरी तुले खाली पाहा लागलं."

ती वळली. हसू आवरत होती, आणि ते बहुधा सिंदेवाहीपासूनच आवरत असावी.

"अजी, दोन दिवस त्या दगडाच्या होत्या," ती म्हणाली, "त कोनी मले इचारलंच नाई, कोनं केल्या म्हनून. प्लास्टिकच्या निघाल्या, तवा समद्यायनं इचारलं."